तूट

वल्लाळांचा फोन आला दुपारी दोनला, एप्रिलात,
डांबर चपलेला सोडत नाही त्या वेळेला.
"डिस्क भरली म्हणतंय ओ.
आम्ही तर काय ठेवलंच नाही की तिच्यात."

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. टॉवेलचा कारखाना.
काचेपलीकडं चोवीस माग,
त्यामुळं ऑफिसात बोलायचं म्हणजे ओठ वाचायचे.
डब्याचं झाकण काढलं तर आत
कापसाची पांढरी साय, पंख्याच्या पात्यांवर,
पुसली तरी बोटाला चिकटून राहिली.

खोक्यावर पाचशे, मशीन दाखवतं चारशे पासष्ट.
"एवढी खाल्ली कुणी?"
"ती तूट नाही मालक, गज वेगळा.
तुमचा वार, त्यांचा मीटर."
हसले. कापडाच्या भाषेत सगळं पटतं त्यांना.

पण पुढचं मलाही पटेना.
बिलं, जीएसटी, मोराची डिझाइन,
नातीच्या बारशाचे फोटो, विंडोज स्वतः,
सगळं मिळून एकशे बासष्ट.
भरलेली जागा चारशे एकसष्ट.
मधले दोनशे नव्व्याण्णव कुणाच्याच नावावर नाहीत.

कचऱ्याची टोपली रिकामी होती.
लपलेल्या फायली दाखव म्हटलं,
तर झोपण्याआधी सगळं लिहून ठेवणारी एक निघाली, बारा जीबीची.
मागच्या तारखांना परत जायची सोय: तीस.
उरले दोनशे सत्तावन्न.

तेवढ्यात लाइट गेली.
चोवीस माग गप्प झाले
आणि वल्लाळांचा खरा आवाज पहिल्यांदा ऐकला,
बारीक होता.
इन्व्हर्टरवर मी चालूच.

एक फोल्डर, नाव असं की कुणी हात लावू नये.
परवानगी नाही म्हणाला.
मालकी बदला, असं एक बटण असतं.
दाबलं. दीड मिनिट मी मालक.

आत तारखा. प्रत्येक तारखेत चोवीस फायली,
तासाला एक.
दोन गठ्ठे कमी भरले होते एका दिवाळीत,
तेव्हा मुलानं कॅमेरा बसवला आणि पुण्याला नोकरीला गेला.
वल्लाळ विसरले. कॅमेरा विसरला नव्हता.

खात्री करावी म्हणून एक उघडली.
फेब्रुवारी, पहाटे तीन दहा.
सतराव्या मागावरचा माणूस
(आत्ता काचेपलीकडं घाम पुसत उभा होता तोच, पेंटप्पा)
बाद झालेला टॉवेल भिंतीकडं अंथरतो
आणि गुडघे पोटाशी घेऊन पडतो.
त्याच्या मागाचा धागा तुटतो.
शेजारचा पोरगा येतो, गाठ मारतो,
त्याला उठवत नाही, जातो.
अकरा मिनिटं.
वजन चार एमबी, एका गाण्याएवढं.

आणखी दोन उघडल्या, उघडायला नको होत्या.
तिथंही तोच टॉवेल.

"काय सापडलं?"
"जुन्या नोंदी. कचरा."
"कामाचं नाही ना काही?"
मी पुन्हा स्क्रीनकडं बघितलं, बघायची गरज नव्हती.
"नाही."

शिफ्ट धरून डिलीट.
कायमचं? विचारलं मशीननं. ते नेहमीच विचारतं.
लाइट आली, माग सुरू झाले,
आणि लाल पट्टी मागं सरकत सरकत निळी झाली,
दोनशे सत्तावन्न, एकही कमी नाही.
"आहे की जागा!" वल्लाळ म्हणाले असावेत.
ओठ तसे हलले.

बिल लिहिलं: साफसफाई, चारशे रुपये.
कॅमेरा बंद केला नाही,
ते काम मला सांगितलं नव्हतं.
फक्त एवढं केलं, की सात दिवसांनी
त्यानं आपलं आपण विसरावं.

गेटाजवळच्या माठावर पेंटप्पा पाणी पीत होता.
"एमैंदी? लागला का हिशेब?"
लागला म्हटलं.
सोमवारपासून त्याची रात्रपाळी, असं तोच म्हणाला,
आणि गार पाण्याचा पेला माझ्यापुढं केला.
म्हणजे सोमवारची अकरा मिनिटं
पुढच्या सोमवारपर्यंत आत राहणार.
पाणी प्यायलो. गाडीला किक मारली.
सांगायला हवं होतं.